रवळनाथाची अटक

जांबोटीच्या पुढे डोंगरात एक वाडी होती आणि तिच्या मधून ओढा वाहत होता. ओढ्यावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जाई आणि गाव तो पुन्हा बांधी. आधी ग्रामदेव रवळनाथाचा कौल घ्यायचा. देवाला लावलेली उजवी कळी पडली तर काम, डावी पडली तर थांबायचं. मग रानातून बांबू आणायचे. या सगळ्याला अर्धा दिवस पुरत असे, यावरून तेव्हाचा कारभार किती मागासलेला होता ते कळेल.

पुढे इंग्रज सरकारने रान राखीव केलं. बांबूला कचेरीची परवानगी लागू लागली. म्हणून वाडीचा गावकर मष्णू खानापूरला कारकून मारुतीरावांपुढे उभा राहिला.

"साकव कुणाचा?"

"गावाचा, रावसाहेब."

"गाव म्हणजे कोण? मालकाचं नाव सांग."

मष्णूने जे खरं ते सांगितलं. "गावात जे काय हाय ते रवळनाथाचं. आमी नुसतं वापरतो."

मारुतीरावांनी लिहिलं : मालक, रवळनाथ. "काय करतो?"

"लई काय करत न्हाय. इचारलं तर सांगतो."

धंदा, सल्ला देणे. "साहेब आले की हुकूम होईल."

"कवा येत्यात? माझी लेक पल्याड दिलीया, दिवस भरत आल्यात. सुईण अल्याड हाय."

"साहेब महाबळेश्वरला हवा खायला गेलेत."

"आमचा देव बरा," मष्णू म्हणाला. "जाग्यावरनं हालत न्हाय."

साहेबांआधी पाऊस आला. ओढा फुगला आणि पलीकडे मालुबाईला कळा सुरू झाल्या. "अण्णा, पोर काय साहेबाची वाट बघायचं न्हाय!" सुईण जयाबाई ओरडली.  मष्णूने धावत जाऊन कौल लावला, उजवी कळी पडली. गडी रानात घुसले, साकव उभा राहिला, जयाबाई पार झाली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या, हाच गुन्ह्याचा ढळढळीत पुरावा ठरला.

चौकशीत निघालं ते असं : साकव बेकायदा, मालक रवळनाथ, आणि बांबू तोडायला सांगणाराही तोच. फौजदार शिपाई घेऊन देवळात गेले. आरोपीने पळण्याचा प्रयत्न केला नाही. त्याला बैलगाडीतून आणून कचेरीच्या कोपऱ्यात ठेवण्यात आलं.

मागोमाग वाडी आली. देव दिसल्यावर लोक करणार काय? वहाणा दाराबाहेर निघाल्या, हात जोडले गेले, कोपऱ्यात नारळ आणि तांदूळ पडू लागले. संध्याकाळी मारुतीराव ते जप्त करून घरी नेत.

पावसाळा पुण्यात काढून दसऱ्यानंतर साहेब परतले. आरोपी दगडाचा आहे हे पाहून संतापले आणि त्याला सोडून दिलं. मारुतीरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी आपलं टेबल त्या रिकाम्या कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी आला, वहाणा काढल्या, हात जोडले आणि टेबलावर नारळ ठेवला. मारुतीराव नको म्हणाले नाहीत.

सत्तेचाळीस साली साहेब कायमचे गेले. रवळनाथ तर कधीच आपल्या देवळात पोचला होता. वाडीकरांच्या भोळेपणाचं तुम्हाला हसू येत असेल. मग परवा दाखल्यासाठी कचेरीत गेलात, तेव्हा हात कुणाला जोडलेत? आणि टेबलावर काय ठेवून आलात?