डेल्मर गाडी लावून येतो

लग्नाच्या सुटाखाली डेल्मरने सवयीने पिस्तूलही अडकवलं, यात त्याची फारशी चूक नव्हती. केंटकीतल्या त्या गावात पँट चढवली की पट्टा आणि पट्टा आवळला की पिस्तूल, हे ओघानेच येतं. परवाना पाकिटात होता, नियमही तोंडपाठ होते. पण साठी उलटल्यावर दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताना तोंडपाठ गोष्टीच आधी विसरतात.

लग्न कोर्टात लागणार होतं. दारात पहाऱ्यावरच्या डेप्युटी रँडलने हात आडवा धरला.

"डेल्मरकाका, कोटाखाली काय फुगलंय?"

"अरे, परवाना आहे माझा!"

"तो रस्त्यावर चालतो, इथं नाही. गाडीत ठेवून या."

नवरी वनेटा पायरीवर बसून चावरे बूट सैल करत होती. "लवकर ये हं," ती म्हणाली, "जज्जबाई चारला काम आटोपतात आणि उद्यापासून महिनाभर रजेवर. शिवाय माझा पहिला नवरा सिगारेट आणायला म्हणून गेला, तो अजून आणतोच आहे."

डेल्मर हसत हसत पोस्टाच्या आवारात गेला. गाडी तिथे होती. दार उघडल्यावर त्याला आठवलं, की पोस्टाच्या आवारात पिस्तूल कुलपात ठेवलेलंही चालत नाही. म्हणजे गाडी लावल्यापासून तो गुन्हेगारच होता. त्याने घाईघाईने गाडी बाहेर काढली.

कोर्टाचा दिवस असल्यामुळे रस्त्याकडेला जागा नव्हती. पुढे शाळेचं आवार मोकळं होतं, पण तिथल्या नियमाची खात्री नव्हती, आणि लग्नाच्या दिवशी अटक झालेला नवरा वनेटाला आवडला नसता. शेवटी गावाबाहेर टायरवाल्या अर्लच्या दुकानामागे जागा मिळाली.

"लाव की," अर्ल म्हणाला. "पण आज तुझं लग्न ना रे?"

"त्यासाठीच तर लावतोय!" डेल्मर ओरडला आणि पिस्तूल कुलपात टाकून नव्या बुटांनी पळत सुटला. फोन करायचा, तर तो वनेटाच्या पर्समध्ये होता.

तो घामाघूम होऊन कोर्टात पोचला आणि ऐटीत दोन्ही हात वर केले. "घे तपासून!"

"तुम्ही पास," रँडल म्हणाला. "पण वनेटाकाकू नापास झाल्या. त्यांच्या पर्समध्येही एक निघालं. तुम्हीच दिलंत म्हणे, साखरपुड्याला."

"मग कुठाय ती?"

"तुमच्या गाडीत ठेवायला गेल्यात."

डेल्मर आल्या पावली वळला. गाडी नव्हतीच तिथे. तो धावला. पोस्टाच्या आवारात, गाडीच्या रिकाम्या जागेत वनेटा पर्स छातीशी धरून उभी होती. डोळे लाल झाले होते.

"वनेटा, आधी त्या आवारातून बाहेर ये!"

"पळून गेलास तो गेलास, वर हुकूम सोडतोस?"

"बाहेर ये, मग हवं तेवढं भांड! पर्समध्ये काय आहे तुझ्या?"

वनेटाच्या डोक्यात उजेड पडला. ती दोन ढांगांत फुटपाथवर आली आणि तिथे त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मला वाटलं, हाही गेला."

चार वाजून गेले होते. जज्जबाई मासेमारीची टोपी घालून घरी निघाल्या होत्या. मागून रँडल त्यांना काहीतरी समजावत येत होता.

"पर्स घेऊन आत येता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण फुटपाथला माझी काही हरकत नाही. कागद आण रे, रँडल. वनेटा, हा माणूस पसंत आहे?"

"गाडी कुठं लावलीस?" वनेटाने डेल्मरला विचारलं.

"अर्लच्या टायरच्या दुकानामागं."

"आणि तिथून चालत आलास? या बुटांनी?"

"पळत."

वनेटाने त्याच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे पाहिलं. "पसंत आहे," ती म्हणाली.

लग्न लागलं. रँडलने खिशातली शेंगदाण्यांची पुडी आहेर म्हणून दिली. एका बाजूला पोस्ट, दुसऱ्या बाजूला कोर्ट. पर्स घेऊन वनेटाला दोन्हीकडे शिरायची सोय नव्हती, आणि चावऱ्या बुटांनी गावाबाहेर चालवणारही नव्हतं.

"मी गाडी घेऊन येतो," डेल्मर म्हणाला.

"जा," वनेटा म्हणाली, आणि बूट काढून निवांत शेंगदाणे खात बसली.