दोन पळ्या आणि एक मोदक

आमच्या शेजारच्या दामल्यांना नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं, तरी त्यांची नजर आधी समोरच्याच्या दंडावर जायची. तिथे काही नाही म्हटल्यावर मग ते तोंडाकडे बघायचे.

मुलांनो, दामले म्हणजे साउदॅम्प्टनच्या हॉस्पिटलातले रिटायर्ड भूलतज्ज्ञ. सैन्याशी संबंध शून्य. फटाक्यालाही दचकणारा माणूस. पण ब्रिटिश सैन्यात तोफा चालवायला शिकवणारे जे जुने उस्ताद असत, त्यांच्या बाहीवरचे बिल्ले ते जमवायचे. दर रविवारी, लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलला जाऊन परक्यांच्या डिकीत डोकं घालायचे. तिरक्या ठेवलेल्या दोन तोफांच्या नळ्या, वर मुकुट, असा कापडी बिल्ला मिळाला की आमची बेल वाजलीच.

"वहिनी, खालच्या तीन फिती म्हणजे सार्जंट. तो हुद्दा. वरच्या नळ्या म्हणजे शिकवणारा. ती नेमणूक. हुद्दा राहतो, नेमणूक संपली की बिल्ला उतरवायचा!"

हा नियम ते साऱ्या जगाला लावायचे. तुमच्या आजोबांना म्हणाले, "मंडळाचे सेक्रेटरी ही तुमची नेमणूक. वहिनींचा नवरा हा हुद्दा."

"मग बढती कधी?"

"तिथे बढती नसते," दामले गंभीरपणे म्हणाले.

बेसिंगस्टोकच्या कम्युनिटी हॉलमधल्या गणपतीला ते कार्यकर्त्यांना स्वतः शिवलेले बिल्ले लावायचे. पार्किंगवाल्याला चाक, चहावाल्याला किटली. विसर्जन झालं की दारात उभं राहून एकेक परत घ्यायचे. एक नागपूरचा सॉफ्टवेअरवाला किटलीसकट निघून गेला, तर दामले त्याच्यामागे थेट प्लॅटफॉर्मवर!

सगळ्यांत मानाचा बिल्ला मोदक शिकवणारीचा. दोन तिरक्या पळ्या, वर मुकुटाच्या जागी मोदक. तो वर्षानुवर्षं दामल्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या दंडावर असायचा. पुढे कुमुदताईंना माणसं ओळखू येईनात. त्यांना म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं.

तुमच्या बाबांनी तुम्हाला बघायला मला वेबकॅम लावून दिला, त्या वर्षी मोदकांचं काम माझ्याकडे आलं. दामल्यांनी माझ्या बाहीला कोरं पांढरं कापड टाचलं.

"अहो, पळ्या कुठायत?"

"तुम्ही हंगामी, वहिनी."

हॉलभर मुलींना उकड काढायला शिकवली मी, आणि मी हंगामी! बिल्ला अजून कुमुदताईंच्याच नावावर. सगळ्यांना एक नियम आणि बायकोला दुसरा? हे त्यांना सुनवायचंच, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी मोदकांचा डबा घेऊन नर्सिंग होम गाठलं.

दामले उकडीचा गोळा घेऊन टेबलाशी बसले होते. समोर कुमुदताई. कार्डिगनच्या बाहीवर दोन पळ्या आणि मोदक.

"नवीन आलात का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"हो, बाई. आजच."

"कळ्या फार जाड येतायत. बोटं ओली करा. हं, अशी." कुमुदताईंनी त्यांचा अंगठा धरून दाखवला.

दामल्यांचा मोदक बसला. सुईदोऱ्यात तरबेज असलेल्या त्या बोटांनी तो मुद्दाम दाबलेला मी दारातून पाहिला.

"पुन्हा करा," कुमुदताई म्हणाल्या.

मला बघून दामले उठून आले. माझी नजर कुठे आहे, ते त्यांना कळलं.

"नियमातच आहे, वहिनी," ते हळूच म्हणाले. "अजून शिकवतेय ना ती."

आणि लगबगीने परत जाऊन बसले. बाई वाट बघत होत्या.

मी डबा पिशवीतच ठेवला. नीट वळलेले मोदक त्या टेबलावर चालले नसते.