काकाजींची बेटावरची निलगिरी

मे महिन्यात दिग्रसची माणसं कूलरसमोर बसतात. आमच्या शेजारच्या प्रभाकरकाकाजींकडे कूलरसमोर झाड बसतं आणि काकाजी पलीकडच्या खोलीत पंच्यानं वारा घेतात.

झाड निलगिरीचं. पण आपल्या सडकेवरची निलगिरी नव्हे बरं! ही टास्मानिया बेटावरची, बर्फ झेलणारी. तहसीलमधून रिटायर झाल्यावर काकाजींनी बी मागवलं. कितीक रोपं करपली, कुंडीतली ही एकच तगली.

"तिले झळ लागते, दूर बसा," हे त्यांचं पालुपद. पाहुणा उन्हातून आला की आधी ओसरीवर थंड व्हायचा, मगच आत. मला तर एकदा चहा दाराबाहेरच मिळाला. गरम होता ना!

"काकाजी, कडुनिंब लावा. फुकटात सावली देईल," मी चिडवायचो.

"तुले काय समजते बाप्पा!"

पण खोटं कशाला बोलू? ती पानं पाहिली की माझी टवाळी घशातच अडकायची. गोल, रुपेरी निळी, समोरासमोर जोडीनं लागलेली. एक चुरगाळलं तर खोलीभर गार वास. बाहेर डांबर पाघळतंय आणि आत ही बर्फातली बाई नवा कोंब काढतेय! मी खरोखर हात जोडले.

गेल्या मेमध्ये भरदुपारी लाइन गेली. कूलर बंद पडला, पानांनी माना टाकल्या. मी धावत गेलो, तर काकाजी कुंडीभोवती ओली चादर धरून विंझण्यानं वारा घालत होते. घामानं निथळत होते. त्यात छातीचं जुनं दुखणं.

"सोडा, काकाजी! तुम्हीच पडाल. झाडच आहे ते."

ते भडकतील वाटलं. भडकले नाहीत.

"माही मीनल त्याच बेटावर राह्यते ना," ते म्हणाले. मुलगी परदेशात आहे, एवढंच मला ठाऊक होतं. "एकटीच. आजारी पडली तरी सांगत नाही. डॉक्टर मले इमानात बसू देत नाही. मंग काय करू? त्या बेटाची ही पोरगी मी इथं जपून राह्यलो. तिथं माह्या पोरीले कोनीतरी जपन."

विंझणा त्यांच्या हातातून घेतला आणि वारा घालत बसलो.

अंधारल्यावर लाइन आली. पाहता पाहता शेंड्याची पानं सावरली. काकाजींनी लगेच फोन लावला. तिकडं मध्यरात्र उलटली होती.

"झोपली होती काय, बाई? काही नाही वं... तू बरी आहे ना, एवढंच विचाराले केला."