फुलांनी फिरवली पाठ

आमच्या गल्लीत बागकाम कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! मोसम सरताना सगळ्यांच्या बागा माना टाकतात, तेव्हा माझ्याकडे पिवळ्याधमक डेझी फुलणार होत्या. एकदा लावल्या की दरवर्षी आपोआप येतात. कुंपणालगत लांबलचक वाफा केला, वीस रोपं लावली आणि कळ्या धरताच ऑफिसात जाहीर करून टाकलं. आमचे साहेब फुलांचे वेडे. म्हणाले, "रविवारी बघायलाच येतो!" बढतीच्या यादीत माझं नाव आत-बाहेर करत होतं. मी हरखलो.

नर्सरीवाला म्हणाला होता, "कमरेइतकी होतील." पार माझ्या डोक्यावर गेली! शनिवारी सगळी फुलली आणि बघतो तर काय, एकूण एक फूल शेजारच्या पोस्टमास्तरांकडे तोंड करून! आमच्याकडे नुसत्या पाठी. रुसलेल्या मेव्हण्यांची रांगच जणू!

"अहो, ऊन त्यांच्या बाजूनं येतं. आपल्याकडे घराची सावली," बायको म्हणाली.

"मग आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे!"

रविवारी सकाळी मी सुतळीचा गुंडा घेतला. एकेक दांडा आमच्याकडे वळवून कपडे वाळत घालायच्या तारेला बांधला. दोन तासांत पाठीचा पार भुगा झाला, पण फुलं मुकाट्यानं माझ्याकडे बघू लागली!

साहेब आले. त्यांना मागच्या अंगणात आणतोय, तोच कुंपणापाशी कचकच आवाज. पलीकडून वाकून पोस्टमास्तर लांब कात्री चालवत होते!

"कुणीतरी बिचाऱ्यांना बांधून ठेवलं होतं हो! सोडवली सगळी!"

झाडं सपकन फिरली आणि कुंपणावरून त्यांच्या अंगणात ओणवी झाली.

"साहेब, ही माझी..."

"इकडून या ना, छान दिसतात!" पोस्टमास्तरांनी बोलावलं. साहेब गेलेसुद्धा!

"वा! काय निगा राखलीय!" पलीकडून आवाज आला.

"छे हो, मी काहीच करत नाही." पोस्टमास्तर अगदी खरं तेच बोलले.

"काय हा विनय!" साहेब गहिवरले.

मी फुलांच्या गर्दीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "साहेब, रोपं माझी आहेत!" माझ्या नाकावर पिवळी भुकटी, कानात पान.

"अहो, तुडवू नका ती झाडं!" साहेब खेकसले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेजाऱ्यांचं चांगलं झालेलं बघवलं पाहिजे माणसाला."

बढती अर्थातच हुकली. फुलं मात्र जोरात आहेत. कुंपणाखालून पलीकडेही फुटलीत. परवा पोस्टमास्तरांनी त्यातलंच एक रोप खणून कुंडीत घालून मला भेट दिलं. म्हणाले, "तुम्हाला आवड दिसते!"

मी काय करणार? थँक्यू म्हणालो.