पाहुण्यांच्या खोलीतली बोट

ओढ्यावर नेण्याआधी रबरी बोट घरीच एकदा फुगवून पाहावी, एवढाच माझा निर्णय होता. प्रवाहशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला; पाण्यात मात्र मी घोट्याच्या वर कधी उतरलो नाही. (विद्यार्थ्यांना हे ठाऊक असतं, तर वर्गात निदान जागे तरी राहिले असते.)

लेकीची दूर बदली झाली होती. जाण्याआधी तिला एक दिवस माझ्यासोबत पाण्यावर घालवायचा होता. "बाबा, तुम्ही फळ्यावर काढायचात ना ते भोवरे, ते तुम्हाला खरे दाखवते," ती म्हणाली. पुलाखालच्या उतारावरून बोट सोडायची, खडकांमधला खळाळ पार करायचा आणि खाली बंधाऱ्यापाशी बाहेर पडायचं. बोटीत ती, जावई आणि मी. हिने टॉवेल घेऊन काठावर थांबायचं. मी छाती काढून "अवश्य!" म्हणालो, आणि तेव्हापासून मला जेवण गेलं नाही.

निघायच्या सकाळी गळती तपासायला घेतली. (एखादं भोक सापडलं तर बरं, असंही मनात होतं. सांगायला लाज वाटते, पण होतं.) अंगणात शेजारी हसतील म्हणून पाहुण्यांची खोली निवडली, दार लावलं आणि पायाने पंप मारू लागलो. बोट फुगली. फुगतच गेली. तिने आधी पलंग गाठला, मग दार, आणि शेवटी मला.

"अहो, दार उघडा, निघायचंय," बाहेरून ही.

"उघडत नाही."

"ढकला!"

"ते आत उघडतं."

"मग हवा सोडा."

"व्हॉल्व्ह खिडकीकडे आहे."

"आणि तुम्ही?"

"कपाटाकडे."

"मध्ये काय?"

"बोट."

मग ही लेकीला म्हणाली, "आणि मला म्हणतात, तुला कुकर कळत नाही!"

जावई खिडकीशी आले. खिडकीला आतून कडी. मी कपाटाला चिकटूनच व्याख्यान दिलं, "काचेच्या कोपऱ्यावर हलकासा आघात करा, ती बाहेरच्या बाजूला पडेल." जावयांनी ऐकलं. (माझं ऐकतात, हा त्यांचा एकमेव दोष.) काच आत पडली, तुकडा बोटीत घुसला आणि बोट दीर्घ उसासा टाकून खाली बसली.

लेकीने मुकाट्याने ठिगळ लावलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ठिगळ धरेल," जावई म्हणाले, "फक्त भार कमी ठेवायला हवा."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग हिच्या किरकोळ अंगकाठीकडे.

"मी थांबतो काठावर!" मी म्हणालो. इतक्या घाईने, की लेकीला सगळं कळलं.

"भीती वाटत होती तर सांगायचं ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "आपण दोघं काठावर बसलो असतो."

मी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला.

पुलाखाली हिने चपला माझ्या हातात दिल्या आणि ऐटीत बोटीत बसली. पहिल्या खळाळात किंचाळली. दुसऱ्यात "अजून जोरात!" म्हणाली. लेक खदाखदा हसत होती. मग वळणाआड तो आवाजही गेला.

शेजारी एक गृहस्थ कुत्र्याला आंघोळ घालत होते. "आजोबा, तुम्ही नाही गेलात?"

"माझ्याकडे चाचणीचं काम होतं."

"अस्सं! मग निकाल काय लागला?"

"बोट पास झाली," मी म्हणालो आणि हिच्या चपला पाठीमागे लपवल्या.