कर्जमुक्तीसाठी आणलेली खुर्ची

आमच्या घरात कर्जमुक्तीचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे चिरंजिवांनी तो मांडला, सूनबाईंनी मान डोलावली आणि मी शेंगा सोलत होते.

"आई, आजपासून आपण कर्जातून बाहेर पडायचं."

"आपण म्हणजे कोण कोण?" मी विचारलं. "मी आत कधी गेले होते?"

आत गेलेल्या वस्तू अशा: मोटार, सोफा, चिरंजिवांचा फोन, चिरंजिवांपेक्षा उंच फ्रीज आणि घरातल्या घरात चालायची मशीन. त्या मशीनवर सध्या टॉवेल वाळतात. चालायला बाहेर अख्खा रस्ता फुकट पडलाय, पण फुकटच्या वस्तूत आमच्या चिरंजिवांचं मन रमत नाही. पाच वस्तूंचे पाच हप्ते. पगार उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो, आत येऊन पाणीसुद्धा पीत नाही.

मी चार बुकं शिकलेली बाई. नवरा लवकर गेला, शिलाई मशीनवर पोराला वाढवलं. दोऱ्याचं रीळसुद्धा कधी उधार आणलं नाही. मरताना खांदा देणाऱ्या चौघांखेरीज कुणाचे उपकार अंगावर नकोत, एवढी एकच इच्छा आहे माझी. ती मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते. घरातल्यांची पाठ झाली आहे.

कर्जमुक्तीसाठी चिरंजीव मला एका कर्ज देणाऱ्या कंपनीत घेऊन गेले. आगीपासून वाचायला शेगडीच्या दुकानात जावं तसं मला वाटलं, पण मी फार शिकलेली नसल्याने गप्प बसले. काचेचा दरवाजा, आत हुडहुडी भरेल अशी थंडी आणि समोर टाय लावलेला एक गोड मुलगा.

"पाच हप्त्यांचा आपण एकच हप्ता करून टाकू," टायवाला म्हणाला.

"म्हणजे कर्ज कमी होणार?"

"कर्ज थोडं वाढेल, मावशी. पण सुटसुटीत होईल. फक्त एक जामीनदार लागेल."

चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिलं. नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक पुढे करताना ते असेच बघायचे.

"घाला माझं नाव," मी पदर सावरून ताठ बसले. "गल्लीत विचारा कुणालाही."

टायवाल्याने गल्लीत न विचारता कॉम्प्युटरला विचारलं. मग डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसा चेहरा केला.

"मावशी, तुमचा कर्जफेडीचा स्कोअर शून्य आहे. तुम्ही कधीच कर्ज घेतलेलं नाही?"

"एक छदामसुद्धा नाही."

"मग तुम्ही फेडाल यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"अरे बाळा, घेतलंच नाही तर फेडायचं काय?"

"तीच तर अडचण आहे ना, मावशी."

"आमच्या शेजारचे भाऊजी वसुलीवाला आला की पलंगाखाली शिरतात. त्यांचा किती आहे?"

"दुसऱ्यांची माहिती देता येत नाही. पण त्यांचा शून्य नसणार."

हे मला लागलं. दोन दिवस मी घरात तोंड उघडलं नाही. सूनबाई घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाल्या, कारण असं आधी कधी घडलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मीच जाहीर केलं, "मी कर्ज काढणार. भाऊजींच्या खाली मी राहायची नाही."

पण कर्ज कशासाठी, ते कंपनीला सांगावं लागतं. म्हणजे मला गरज असायला हवी. रविवारी घरात माझी गरज शोधण्याचं काम हाती घेण्यात आलं.

"आई, तुम्हाला कानाचं यंत्र घेऊ या का?" सूनबाईंनी सुचवलं.

"मला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं," मी म्हटलं. त्यांनी विषय बदलला.

काठी नको, चष्मा आहे, दात अजून माझेच आहेत. शेवटी माझ्यासाठी अंग रगडून देणारी विजेची खुर्ची मंजूर झाली. माझं अंग दुखत नव्हतं, पण चिरंजीव म्हणाले, "कधी ना कधी दुखेलच."

त्याच कंपनीच्या कर्जावर खुर्ची मंगळवारी आली. बुधवारी सकाळी मी स्टीलच्या डब्यातले साठवलेले पैसे काढले, कंपनीत गेले आणि सगळं कर्ज एका दमात टेबलावर ठेवलं. म्हटलं, आता बघतील माझा स्कोअर!

टायवाला उभाच राहिला. त्याने आतून मोठ्या साहेबांना बोलावलं.

"आमचं काही चुकलं का, बाई?" मोठे साहेब हळवे होऊन म्हणाले.

"नाही हो. फेडतेय."

"दुसऱ्याच दिवशी? याला आम्ही शिस्तभंग समजतो."

लवकर फेडल्याबद्दल मला दंड झाला. शिवाय एकही हप्ता न भरल्यामुळे हप्ते भरायची सवय सिद्ध झाली नाही, सबब स्कोअर जागच्या जागी. टायवाला दारापर्यंत सोडायला आला आणि आपुलकीने म्हणाला, "मावशी, पुन्हा घ्या. पण या वेळी सावकाश फेडा. चारचौघांसारखं."

मग माझ्या मालकीची झालेली खुर्ची मी गहाण ठेवली. मिळालेले पैसे घरी आणून त्याच डब्यात ठेवले. दर महिन्याला त्यातूनच थोडे काढून कंपनीला नेऊन द्यायची. वर व्याज द्यायची ते त्यांच्या शाबासकीचं. वर्षभराने खुर्ची गहाणातून सुटली आणि स्कोअर आला सातशे ऐंशी. शाळेत मला सगळे विषय मिळून एवढे गुण पडले नव्हते. जिन्यात भेटेल त्याला मी सांगितलं. भाऊजी पलंगाखालून बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, मला जामीन राहाल का?"

मी आधी पोराला जामीन राहिले. पाच कर्जांचं एक कर्ज झालं. कर्जाच्या पाच जागा रिकाम्या झाल्याचं पाहून कंपनीने चिरंजिवांचं अभिनंदन केलं आणि नवीन कर्ज देऊ केलं. त्याच संध्याकाळी भिंतीएवढा टीव्ही घरात आला.

"हे काय रे?"

"आई, कर्जमुक्ती साजरी नको का करायला?"

जामिनाच्या कागदावर एक अट होती, ती टायवाल्याने मला वाचून दाखवली. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे पुढची पाच वर्षं, जामीनदार हयात असणं अपेक्षित आहे. आमचे डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा खात्री देत नाहीत. कंपनीने माझी पाच वर्षं गृहीत धरली. इतका विश्वास माझ्यावर नवऱ्यानेही टाकला नव्हता.

तेव्हापासून घरात माझी बडदास्त आहे. चिरंजीव रोज रात्री ग्लासभर दूध आणून देतात आणि संपेपर्यंत उभे राहतात. सूनबाई माझा हात धरतात. "आई, जिना जपून उतरा. अजून बरेच हप्ते आहेत."

कुणाचं देणं न ठेवता मरायचं होतं मला. आता देणं फिटेपर्यंत मरायची सोय नाही. शिंक आली तरी घर गोळा होतं.

हे मी त्याच खुर्चीत बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर जरा थरथरतंय. खुर्ची आहे बाकी छान. तिच्यापुढे ठेवायचं, पाय चेपून देणारं एक स्टूल वेगळं मिळतं, सोप्या हप्त्यांवर. मी नुसती चौकशी केली आहे. नुसती.

हसताय ना? हसा. पण आधी तुमचा स्कोअर सांगा. शून्य असेल तर माझ्या दारात उभे राहू नका, असल्या माणसांचा आम्ही भरवसा धरत नाही. आणि शून्य नसेल, तर बाबांनो, जिना जपून उतरा.