राखणदाराचा नवा मदतनीस

सलग चौथ्या दुपारी ताटात वाळत घातलेल्या आंब्याच्या साठाची कड गायब झाली, तेव्हा कमळाबाईंनी सुनेकडे नुसतं बघितलं. ऋजुताला ते बघणंच लागलं.

यंदा पहिल्यांदाच सासूबाईंनी आंब्याची साठं तिच्यावर सोपवली होती. तूप पुसलेल्या ताटांत आंब्याचा रस ओतायचा, पडवीला लागून असलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ताटं उन्हात मांडायची, वर पातळ फडकं, फडक्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. दुपारची राखणही तिचीच. पण अकरा महिन्यांच्या अनिशला पडवीत थोपटता थोपटता त्याच्याआधी तिचाच डोळा लागायचा. तेवढ्यात कुणीतरी सुरीने कापल्यासारखी कड उचलायचं, फडकं पुन्हा नीट झाकायचं आणि दगडसुद्धा जागच्या जागी ठेवून जायचं.

"वानर नव्हे," सासरे आत्माराम मास्तर गंभीरपणे म्हणाले. "वानर दगड परत ठेवत नाही. चोर सुसंस्कृत आहे."

"सुसंस्कृत असो नाहीतर पदवीधर," कमळाबाई म्हणाल्या, "राखायला माणूस जागं हवं."

ऋजुताने त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. उन्मेष चिपळूणला बँकेत होता, शनिवारी घरी यायचा. या शनिवारी तो बॅगेत कॅमेरा घेऊनच आला.

"पडवीच्या वाशाला लावू या, खाली साठांवर तोंड करून," ऋजुता म्हणाली.

"छे गो!" मास्तरांनी हात उडवला. "चोर येतो कुठून? फाटकातून. कॅमेरा फाटकावर."

कॅमेरा फाटकावर लागला. सोमवारी चिपळुणात उन्मेषच्या फोनवर दुपारपर्यंत दोनशे वेळा 'हालचाल आढळली' असं वाजलं. त्यात सगळ्या एस.टी. होत्या, सगळी कुत्री होती आणि मासेवाली दोनदा होती. शिवाय समोरच्या तुळसाकाकू कमरेवर हात ठेवून हजर झाल्या.

"तुमचं ते यंत्र माझ्या दाराकडे बघतंय, मास्तर! दिवसातून किती वेळा मी मिसरी लावते ते उन्मेषला चिपळुणात कळायला हवंय काय?"

त्या दुपारीही साठाची कड गेलीच.

"उंची हवी," मास्तर म्हणाले. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. "उंचावरून सगळा मुलूख दिसतो." त्यांनी सुपाऱ्या काढणाऱ्या सखारामला कॅमेरा घेऊन पोफळीवर चढवलं. खाली उतरल्यावर सखाराम म्हणाला, "मास्तर, सुपारी काढून देईन, पण पोफळ हलायची थांबवून देणार नाय."

मंगळवारी वारा होता. अकरा वाजता उन्मेषचा फोन आला. "बाबा, काढा तो खाली. मला बोटीत बसल्यासारखं होतंय. समोर गिऱ्हाईक आहे आणि मला मळमळतंय!"

त्या दुपारीही कड गेली. आता ऋजुता शिडी घेऊनच उभी राहिली.

"पडवीचा वासा, बाबा. खाली तोंड."

"अगो, मग चोराचं तोंड कसं दिसणार? नुसते पाय दिसतील."

"माझ्या साठांपाशी येतील ते पाय मला पुरेत."

मास्तर थबकले. "नुसतेच पाय? नक्की?" आणि एकदम उत्साहाने म्हणाले, "मग लाव, लाव. मी शिडी धरतो."

"थांबा," कमळाबाई आल्या. "आधी राखणदाराला विचारा. इतकी वर्षं तो देव आपली जागा राखतोय, आणि न सांगता त्याच्या डोक्यावर दुसरा आणून बसवायचा?"

कॅमेरा लागला. पण त्याची राखण सुरू होण्याआधी खळ्याच्या कोपऱ्यात, फणसाखालच्या राखणदाराच्या दगडापुढे सगळे नारळ घेऊन उभे राहिले. गाऱ्हाणं घरच्या कर्त्यानेच घालायचं, म्हणून मास्तर टोपी घालून पुढे झाले.

"बा राखणदारा महाराजा! सूनबाईने तुला मदतनीस आणलाय, त्याला सांभाळून घे!"

"होय महाराजा!" सासू-सून दोघी म्हणाल्या.

"आणि साठं नेणारा जो कोण असेल, त्याला... सुबुद्धी दे."

"सुबुद्धी कसली? पोटात कळ दे म्हणा!" कमळाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी टोपी सारखी केली. "थोडीशी... कळ दे, महाराजा."

"होय महाराजा!" वाशावरून तिसराच आवाज गरजला. मास्तरांच्या हातातला नारळ सुटून दगडावर आपोआप फुटला.

"मी आहे, मी," कॅमेऱ्यातून उन्मेष म्हणाला. "यातून बोलतासुद्धा येतं."

बुधवारी दुपारी ऋजुताने डोळे ताणून धरले, पण अनिशच्या अंगाची ऊब तिच्यापेक्षा बळकट होती. तिला जाग आली ती वाशावरून आलेल्या आरडाओरड्याने.

"चालला! अगो ऋजुता, ऊठ! चालला तो!"

"चोर?" ती धडपडत उठली.

"अनिश!"

पडवीचा खांब सोडून अनिश उभा होता. एक पाऊल. दुसरं. डुलत, दोन्ही हात हवेत, तोंडभर हसत तिसरं. ताटांपाशी गुलाबी पट्ट्यांच्या चपलांमधून अर्ध्या टाचा बाहेर लोंबत असलेले दोन मोठे पाय खिळून राहिले होते. चौथ्या पावलाला अनिश कलला आणि त्या पायांचा मालक हातातली साठाची कड टाकून गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात पसरून. नातू अलगद त्या हातांत आला. आजोबांचं अख्खं तोंड कॅमेऱ्यात आलं, ओठाला लागलेल्या आंब्यासकट.

कमळाबाई आतून धावत आल्या. ऋजुता रडत होती, हसत होती, अनिशच्या पावलांचे मुके घेत होती. चिपळुणात अख्खी बँक टाळ्या वाजवत होती, ते वाशावरून इकडे ऐकू येत होतं. कमळाबाईंनी नातवावरून बोटं मोडली आणि मग त्यांची नजर खाली गेली.

"अहो, या माझ्या चपला तुमच्या पायांत कशा?"

"नातवाने पहिली पावलं टाकली, आणि तुला चपलांचं पडलंय!"

"डॉक्टरांनी दिवाळीपासून गोड बंद केलंय ना तुमचं?"

"म्हणून तर नुसत्या कडा नेत होतो," मास्तर अनिशच्या मागे तोंड लपवत म्हणाले.

कमळाबाईंनी एक ताट उचललं, साठ अलगद सोडवलं. पहिला तुकडा राखणदारापुढे ठेवला. दुसरा ऋजुताच्या तोंडात घातला. "मस्त झालंय गो. पुढच्या वर्षी फणसपोळीही तूच कर. आणि दुपारी नीज खुशाल. राखायला आता हे आहेत, कॅमेऱ्यासमोर बसून."

बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. दुसऱ्या दिवशी तुळसाकाकू स्वतःच आल्या, हातात नव्या कॅमेऱ्याचं खोकं.

"ऋजुता, तूच सांग गो. आमच्याकडे हा कुठे लावू?"

ऋजुताने अनिशला कडेवर घेतलं, शिडीकडे हात केला आणि तज्ज्ञाच्या थाटात विचारलं, "आधी सांगा काकू, घरात गोड कुणाला बंद आहे?"